तीनदा डिप दिली तरी कोटिंगचा डाग जात नाही : टर्बाइन ब्लेडच्या स्ट्रिपिंगमधली नेहमीची अडचण

जुनं कोटिंग काढायला (स्ट्रिपिंगला) अ‍ॅसिडच्या टाकीत बुडवलेला, म्हणजे डिप दिलेला जॉब बाहेर काढला, धुतला, बारीक ग्रिट (खरखरीत कणांचा झोत) मारली आणि हीट टिंटला, म्हणजे उरलेलं कोटिंग रंगावरून ओळखायला भट्टीत, घातला. भट्टीतून बाहेर आला तेव्हा ब्लेड सगळं निळं, फक्त पुढच्या कडेजवळ करंगळीच्या नखाएवढा पिवळसर सोनेरी डाग. म्हणजे तिथे जुनं कोटिंग अजून बसलेलं आहे. दुसरी डिप दिली, डाग थोडा आक्रसला. तिसरी दिली, डाग आहे तिथेच, आणि त्याच्या शेजारची साफ झालेली निळी जागा मात्र बोटाला खरखरीत लागायला लागली.

निकेल सुपरअलॉयच्या (उष्णता सोसणाऱ्या निकेल मिश्रधातूच्या) ब्लेडांवरचं किंवा व्हेनवरचं (स्थिर पात्यांवरचं) कोटिंग ज्यांनी काढलं आहे, त्यांना हे चित्र पाठ असेल. अशा वेळी हात आपोआप टायमरकडे जातो. अजून अर्धा तास ठेवू, तापमान पाच अंशांनी वाढवू, थोडं ताजं अ‍ॅसिड घालू. माझा अनुभव असा की तो जादाचा अर्धा तास बहुतेक वेळा कोटिंगला लागतच नाही, तो मूळ धातूला लागतो. अ‍ॅसिड कमजोर पडलं म्हणून डाग राहिला, असं क्वचित असतं. बहुतेकदा त्या जागी अ‍ॅसिडला खाण्याजोगं काही समोर नसतं.

हे मी ठेच लागून शिकलो. सुरुवातीच्या काळात एका बॅचच्या डागांवर वैतागून मी जॉब ठरलेल्या वेळेपेक्षा दोन तास जास्त ठेवले. डाग गेले नाहीत. एक ब्लेड कापलं, रेझिनमध्ये बसवलं, पॉलिश करून मायक्रोस्कोपखाली धरलं. डागाखाली कोटिंग जवळपास शाबूत होतं, आणि डागाच्या बाहेर मूळ धातूच्या ग्रेन बाउंडरी, म्हणजे धातूच्या कणांमधले सांधे, मे महिन्यातल्या शेतजमिनीसारख्या भेगाळल्या होत्या. नुसत्या डोळ्यांनी ते ब्लेड चांगलं दिसत होतं, हे मला सगळ्यात जास्त लागलं. फिरणाऱ्या ब्लेडमध्ये अशी एक भेग पुरते. ती बॅच बाद झाली.

अ‍ॅसिड नेमकं काय खातं

साध्या डिफ्यूजन अ‍ॅल्युमिनाइडचा (अ‍ॅल्युमिनिअम धातूत मुरवून बनवलेल्या कोटिंगचा) गाभा म्हणजे बीटा फेज, निकेल आणि अ‍ॅल्युमिनिअमची एक रचना. निकेलच्या एका अणूला अ‍ॅल्युमिनिअमचा एक अणू, वजनात पाहिलं तर अ‍ॅल्युमिनिअम साधारण ३१ टक्के. सगळ्या कोटिंगची जाडी ५० मायक्रॉनच्या आसपास, थोडी कमी-जास्त. मिश्रण नायट्रिकवर आधारलेलं असो की हायड्रोक्लोरिकचं, ६० ते ८० अंश सेल्सिअसच्या दरम्यान ते बीटा फेज भराभर विरघळवतं आणि खालच्या मूळ धातूला त्या मानाने फार हळू खातं. या दोन वेगांतला फरक एवढंच आपलं भांडवल. मूळ धातू म्हणजे गॅमा (निकेलप्रधान फेज) आणि गॅमा-प्राइम. गॅमा-प्राइममध्ये निकेलच्या तीन अणूंना अ‍ॅल्युमिनिअमचा एक, म्हणजे वजनात १३ टक्क्यांच्या आसपास.

नव्या कोटिंगवर हे सगळं पुस्तकात लिहिल्यासारखं चालतं. पण आपल्याकडे येणारा जॉब इंजिनात राबून आलेला असतो. तिथे पृष्ठभागावर अ‍ॅल्युमिनाची (अ‍ॅल्युमिनिअम ऑक्साइडची) पातळ साय धरते, गरम-थंड होताना तडकते, निघून जाते, पुन्हा धरते. दर वेळी खालचं अ‍ॅल्युमिनिअम खर्च होतं. काही अ‍ॅल्युमिनिअम आत मूळ धातूत झिरपतं, आणि मूळ धातूतलं निकेल बाहेर कोटिंगमध्ये येतं. बीटाची हळूहळू गॅमा-प्राइम होते आणि शेवटी गॅमा. जिथे कोटिंग सर्वात जास्त तापलं, म्हणजे पुढची कड, टोकाजवळचा भाग, अंतर्वक्र बाजूचा मधला पट्टा, तिथे ते रसायनाच्या हिशेबाने मूळ धातूसारखंच झालेलं असतं. अ‍ॅसिडला दोघांत फरक करता येत नाही. तुम्ही वेळ वाढवता तेव्हा दोन्ही सारख्याच संथपणे झिजतात, आणि शेजारच्या उघड्या धातूला ग्रेन बाउंडरीचा दुबळा सांधा असतो म्हणून तो जास्त भोगतो.

दुसरं कारण झाकणाचं. अ‍ॅल्युमिना या अ‍ॅसिडांमध्ये जवळपास विरघळत नाही. त्यावर इंधनातून आणि हवेतून आलेल्या क्षारांचे सल्फेट, धुळीची वितळून बसलेली काच, गंजाचे थर. खाली उत्तम बीटा फेज असली तरी अ‍ॅसिड तिच्यापर्यंत पोचतच नाही. प्लॅटफॉर्मच्या (पात्याच्या बुडाशी असलेल्या आडव्या पट्टीच्या) खाली आणि शँकवर (त्याखालच्या मानेवर) हे जास्त सापडतं, कारण ती जागा तुलनेने थंड असते आणि ६५० ते ७५० अंशांच्या पट्ट्यात सल्फेटची हॉट कोरोजन (उष्ण गंज) जोर धरते.

तिसरं कारण आपल्याच हातचं : अडकलेला वायू, फिक्स्चरचा (जॉब धरायच्या चौकटीचा) स्पर्श, मास्किंगचं (अ‍ॅसिड लागू नये म्हणून झाकायला लावलेलं) पसरलेलं मेण, बोटांचं तेल.

डाग कोणत्या जातीचा आहे

पुढची डिप द्यायच्या आधी टिंट केलेले सगळे जॉब टेबलावर एका ओळीत, एका दिशेला तोंड करून मांडा. हे काम दहा मिनिटांचं आहे आणि त्यातून जेवढं कळतं तेवढं अ‍ॅसिडच्या टायट्रेशनमधून (ताकद मोजायच्या चाचणीतून) कळत नाही.

डाग प्रत्येक जॉबवर हुबेहूब एकाच जागी, एकाच आकाराचा, कड सुरीने कापल्यासारखी असेल तर संशय फिक्स्चरवर किंवा टांगण्याच्या पद्धतीवर घ्या. प्लॅटफॉर्मच्या पोटात अडकलेल्या बुडबुड्याचा डाग तर बघताक्षणी ओळखू येतो. त्याची खालची कड पाण्याच्या पातळीसारखी सरळ असते. खात्री करायची तर पुढच्या डिपला दोन जॉब वेगळ्या कोनात टांगा. डागाने जागा बदलली तर दोष वायूचा.

एक गोम आहे. सर्वात तापणारी जागासुद्धा एका सेटमधल्या सगळ्या ब्लेडांवर साधारण तीच असते, त्यामुळे पुढच्या कडेचे डागही ओळीने दिसतात. पण ते एका मापाचे नसतात. एका ब्लेडवर चिंचोक्याएवढा, दुसऱ्यावर बोटभर लांब, आणि कड धूसर, निळ्यात विरत गेलेली. असं दिसलं की ते इंजिनाचं देणं समजा.

आता झाकलेली बीटा आणि अ‍ॅल्युमिनिअम संपलेलं कोटिंग यांतला फरक. डागावर अगदी हलकी ग्रिट मारा आणि दहापट भिंगाखाली बघा. राखाडी, मंद, काचेसारखा थर निघाला आणि खाली चकचकीत धातू आला, तर झाकण होतं. ग्रिट मारण्याआधीच तिथे स्वच्छ धातू दिसत होता आणि मारल्यावरही काही बदललं नाही, तर कोटिंग अ‍ॅल्युमिनिअम गमावून बसलेलं आहे. शंका उरली तर बॅचमधला बाद ठरलेला एक जॉब कापा. दुरुस्ती पुस्तिकेप्रमाणे नमुना कापणं महाग वाटतं, पण एका कापलेल्या ब्लेडने उरलेली बॅच वाचते.

डिप चालू असताना बुडबुड्यांवर भरवसा ठेवणारे बरेच जण आहेत. हायड्रोक्लोरिकमध्ये बीटा विरघळताना हायड्रोजन सुटतो, जॉबवरून बुडबुड्यांच्या माळा निघतात, आणि त्या थांबल्या की काम झालं असं समजतात. माळा झाकलेल्या जागीही थांबतात. त्यामुळे त्यावरून एवढंच कळतं की उघडी बीटा संपली, आणि जॉब बाहेर काढायची वेळ झाली.

टिंटच चुकीचा असेल तर

हीट टिंट म्हणजे हवेच्या भट्टीत साधारण ५५० ते ६०० अंशांना तासभर. मूळ धातूवर मिश्र ऑक्साइड जाडसर चढतं आणि तो निळा-जांभळा होतो. अ‍ॅल्युमिनाइडवरचा अ‍ॅल्युमिनाचा थर फार सावकाश वाढतो, म्हणून तो पिवळसर राहतो. सगळा निवाडा या दोन रंगांवर. म्हणून टिंटच्या आधी पृष्ठभाग सगळीकडे सारखाच ब्लास्ट झालेला हवा आणि त्यानंतर उघड्या हाताने जॉबला शिवायचं नाही. मी एकदा अंगठ्याच्या ठशाला कोटिंग समजून जॉब परत टाकीत पाठवणार होतो. टिंट पुसून पुन्हा केला तेव्हा डाग गायब.

मिश्रधातूप्रमाणे निळ्याची छटाही बदलते. १६ टक्के क्रोमिअमचा आय एन ७३८ आणि साडेसहा टक्क्यांचा सीएमएसएक्स-४ एकाच भट्टीतून एकाच रंगाचे निघतील ही अपेक्षा ठेवू नका. प्रत्येक मिश्रधातूचा एक पूर्ण साफ आणि एक मुद्दाम अर्धवट साफ केलेला तुकडा प्रत्येक टिंटबरोबर भट्टीत घाला आणि त्याच्याशी ताडून पाहा.

झाकलेल्या डागावर उपाय

इथे उत्तर साफसफाईत आहे. जड गंज आणि सल्फेट असतील तर गरम अल्कली परमँगनेटने थर आधी सैल करायचा, धुवायचं, मग बारीक अ‍ॅल्युमिना ग्रिट, २२० मेश किंवा त्याहून बारीक, कमी दाबाने. आणि ग्रिटचा झोत एका जागी धरून ठेवायचा नाही. जास्त दाबाने मारलं तर दोन गोष्टी होतात. धातूचा वरचा पापुद्रा चोपडला जाऊन छिद्रं बुजतात, आणि ग्रिटचेच कण आत रुततात. म्हणजे अ‍ॅल्युमिनाचं झाकण काढायला गेलो आणि अ‍ॅल्युमिनाचंच नवं झाकण घालून आलो. डाग हट्टी आहे म्हणून ज्या जागी जास्त वेळ ग्रिट मारली, तीच जागा पुढच्या डिपला आणखी हट्टी झाली, असं होत असेल तर हे कारण तपासा.

एका डिपनंतर जॉबवर काळी भुकटी धरते. बीटा गेल्यावर मागे राहिलेला सच्छिद्र, निकेलने भरलेला गाळ तो. तोही पुढच्या अ‍ॅसिडची वाट अडवतो. म्हणून एका लांब डिपपेक्षा तीन आखूड डिप आणि प्रत्येकीच्या मधे धुणं, अल्ट्रासॉनिक, हलकी ग्रिट. एकूण अ‍ॅसिडचा वेळ कमी लागतो आणि मूळ धातू वाचतो. माझ्या सगळ्या टिपणांतलं एकच वाक्य ठेवायचं झालं तर मी हे ठेवेन.

अ‍ॅल्युमिनिअम संपलेल्या डागावर उपाय

इथे डिप थांबवा. आधी अल्ट्रासॉनिकने भिंतीची जाडी मोजा, विशेषतः पोकळ ब्लेडची. उरलेलं कोटिंग किती मायक्रॉन आहे आणि भिंतीत देण्यासारखं किती आहे, हे कळल्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नाही.

डाग लहान आणि पुस्तिकेत मुभा असेल तर हाताने, बारीक पट्ट्याने, एअरफॉइलचा (पात्याचा) आकार सांभाळून घासून काढता येतो. डाग मोठे आणि बरेच असतील तेव्हा एक उपाय आहे जो ऐकताना उलटा वाटतो : काढायच्या कोटिंगवर पुन्हा अ‍ॅल्युमिनिअम चढवायचं. अ‍ॅल्युमिनिअमची स्लरी (पातळ लेप) लावून, तापवून ते संपलेल्या थरात मुरवलं की गॅमाची परत बीटा होते, आणि तिच्यावर अ‍ॅसिड नव्या कोटिंगसारखं चालतं. गंज खोलवर शिरलेल्या जागीही हा मार्ग वापरतात. अट एकच. अ‍ॅल्युमिनिअम जुन्या कोटिंगपुरतंच मुरलं पाहिजे. मूळ धातूत गेलं तर तेवढी भिंतही अ‍ॅसिडबरोबर जाईल. तापमान, वेळ आणि स्लरीची जाडी बाद जॉबवर ठरवून, कापून पाहूनच बॅचवर लावा, आणि तुमच्या दुरुस्ती पुस्तिकेत ही पद्धत मान्य नसेल तर मान्यता घेतल्याशिवाय हात लावू नका.

डाग राहू देऊन पुढे जायचा मोह होतो, विशेषतः डिलिव्हरीची तारीख डोक्यावर असते तेव्हा. नव्या अ‍ॅल्युमिनायझिंगमध्ये त्या जागी जुन्यावर नवं असा दुप्पट, ठिसूळ थर बनतो आणि तो लवकर तडकतो. वेल्डिंग करायचं असेल तर उरलेलं अ‍ॅल्युमिनिअम वेल्डच्या रसात उतरून तडे पाडतं. आणि डाग ऑक्साइडचा असेल तर तिथे नवं कोटिंग धरतच नाही.

बाथ

बाथचा (टाकीतल्या अ‍ॅसिडच्या मिश्रणाचा) दोष असतो तेव्हा डाग पडत नाहीत, सगळा जॉबच मंद निघतो. मोकळ्या अ‍ॅसिडचं टायट्रेशन करा, विरघळलेलं निकेल आणि अ‍ॅल्युमिनिअम किती चढलंय ते पाहा. धातू चढले की वेग पडतो, वरून अ‍ॅसिड ओतून तो पूर्ण परत येत नाही. नायट्रिकवर आधारलेल्या बाथमध्ये क्लोराइड शिरू देऊ नका, मूळ धातूला खड्डे पडतात. टाकीची पातळी नळाच्या पाण्याने भरणं, हायड्रोक्लोरिकमधून आलेला जॉब नीट न धुता इकडे टाकणं, ही त्याची नेहमीची दारं आहेत.

कोटिंग वेगळं असेल तर

प्लॅटिनम अ‍ॅल्युमिनाइड मुळातच सावकाश निघतं. बाहेरच्या थरात प्लॅटिनम आणि अ‍ॅल्युमिनिअमची फेज असेल तर ती अ‍ॅसिडला दाद देत नाही, म्हणून डिप आणि ग्रिटच्या फेऱ्या जास्त धरूनच वेळ ठरवा. गाळ फेकू नका, त्यातलं प्लॅटिनम परत मिळवता येतं.

एमक्रॅली (MCrAlY : निकेल किंवा कोबाल्ट, क्रोमिअम, अ‍ॅल्युमिनिअम आणि इट्रिअम) हे वरून चढवलेलं कोटिंग, १०० ते ३०० मायक्रॉनपर्यंत जाड. त्यात गॅमाच्या जाळ्यात बीटाची बेटं असतात. अ‍ॅसिड बेटं खातं आणि मागे स्पंजासारखा सांगाडा उरतो. तो अ‍ॅसिडने जाणार नाही, ग्रिटनेच पाडावा लागतो. ‘एमक्रॅली निघत नाही’ अशी तक्रार असेल तर आधी सांगाडा पाडला का ते विचारा.

वर सिरॅमिकचा थर असेल, म्हणजे ७ ते ८ टक्के इट्रिया घातलेला झिरकोनिया, तर धातूच्या कोटिंगचं अ‍ॅसिड त्याला शिवतही नाही. तो आधी काढायचा : दाबाखालच्या ऑटोक्लेव्हमध्ये २०० अंशांच्या आसपास कॉस्टिकने (तीव्र अल्कलीने), किंवा हजारो बारच्या पाण्याच्या झोताने. कॉस्टिक सिरॅमिकला विरघळवत नाही, ते सिरॅमिकच्या खालचं अ‍ॅल्युमिना खातं आणि वरचा थर मोकळा होऊन पडतो. त्याचे कण कूलिंग होलमध्ये अडकून राहतात. भोकांच्या कडेने कोटिंगची कड्यांसारखी वर्तुळं राहिली असतील तर भोकं तपासा.

जिथे अ‍ॅसिड जाताच कामा नये

फर-ट्री रूट (ब्लेड चकतीत बसवायचं दातेरी मूळ), ब्रेझ केलेले (दुसरा धातू वितळवून जोडलेले) सांधे आणि आतले कूलिंग मार्ग. रूटवर मशीनिंगचा आणि पीनिंगचा (बारीक गोळ्यांच्या माऱ्याचा) ताण असतो, ताण आणि अ‍ॅसिड एकत्र आले की तडा जातो. म्हणून स्ट्रिपिंगच्या आधी व्हॅक्यूममध्ये ताण उतरवायची पायरी दिलेली असेल तर ती गाळू नका. बोरॉन किंवा सिलिकॉनचा ब्रेझ अ‍ॅसिड आधी खातं. आतल्या मार्गांतलं कोटिंग ठेवायचं असेल तर मेण भोकांपर्यंत पूर्ण भरलेलं हवं, आणि ६० अंशांच्या वरच्या बाथमध्ये ते मेण टिकतं का, हे बादलीभर गरम पाण्यात आधी पाहून घ्या.

सिंगल क्रिस्टल (एकाच स्फटिकाच्या) ब्लेडला ग्रेन बाउंडरी नसतात, म्हणून काही जण निर्धास्त होतात. त्यांचा धोका ग्रिटमध्ये आहे. जोरात ग्रिट मारून पृष्ठभाग चेपला आणि नंतर ते ब्लेड सोल्यूशन हीट ट्रीटमेंटला (खूप वरच्या तापमानाच्या उष्णता प्रक्रियेला) गेलं, की चेपलेल्या जागी नवे ग्रेन उगवतात आणि सिंगल क्रिस्टल राहत नाही.

जिवाची काळजी

नायट्रिकवरचा तपकिरी धूर हुंगून ‘काही झालं नाही’ म्हणणारा माणूस काही तासांनी फुप्फुसात पाणी भरून कोसळू शकतो. धूर अंगावर आला तर लगेच डॉक्टर, त्रास होण्याची वाट बघू नका. मिश्रणात फ्लोराइड असेल तर कॅल्शिअम ग्लुकोनेटची जेल टाकीशेजारी हवी, ऑफिसच्या कपाटात नको, आणि ती कुठे आहे हे रात्रपाळीच्या पोरालाही माहीत हवं. हायड्रोफ्लोरिकची जखम आधी दुखतही नाही. जुन्या बाथमध्ये निकेल, कोबाल्ट, क्रोमिअम असतं, तो गटारात जाता कामा नये.

आता आमच्या जॉबकार्डावर डिपच्या रकान्यापुढे दोन रकाने वाढवलेत : डिपनंतर डाग कुठे होता त्याचं पेन्सिलीचं छोटं चित्र, आणि पुढची डिप का देतोय याचं एका ओळीत कारण. ‘डाग गेला नाही’ हे कारण चालत नाही. तिथे ‘झाकण’, ‘वायू’, ‘मेण’ किंवा ‘अ‍ॅल्युमिनिअम संपलं’ यांपैकी काहीतरी लिहिल्याशिवाय जॉब टाकीत उतरत नाही.